हवा सोडा, गाडी सोडवा!

“किती हवा?”

“पुढं तीस, मागं बत्तीस!”

पेट्रोल पंपावर हा संवाद तुम्ही कैक वेळा ऐकला असेल. हवावाले काका नळी लावतात, काटा बघतात, फुस्स करून नळी काढतात आणि आपली गाडी पुढं निघते. हवा कमी असली की गाडी जड चालते, टायर लवकर झिजतो, इंधन जास्त लागतं, हे सगळ्यांनाच तोंडपाठ आहे. सायकलवाल्या दोस्तांना तर ते सांगायलाच नको. त्यांचे पायच सांगतात!

पण नकाशावर एक देश असा आहे, की तिथले ड्रायव्हर बर्फाला लागले रे लागले की गाडी थांबवतात, खाली उतरतात आणि चारही चाकांतली हवा सोडून देतात. तिसावरून वीस, विसावरून दहा, दहावरून पाच. कधी कधी तर फक्त तीन! टायरचं पोट सुटतं, गाडी बसकी दिसायला लागते. आणि मग ज्या बर्फात दुसरी गाडी दारापर्यंत रुतून बसेल, त्याच बर्फावरून ही पठ्ठी डुलत डुलत निघून जाते.

हा देश म्हणजे आइसलँड. उत्तर अटलांटिक महासागरातलं एक बेट. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, आणि लोकसंख्या जेमतेम चार लाख. देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा हिमनद्यांखाली झाकलेला. उरलेल्या भागात ज्वालामुखी, लाव्हाचे धोंडे आणि पूल नसलेल्या नद्या. अशा ठिकाणी साधी गाडी काय कामाची? म्हणून १९८० च्या दशकात तिथल्या हौशी मंडळींनी आपापल्या गॅरेजात गाड्या कापायला, जोडायला, उंच करायला सुरुवात केली. पुढं १९९० साली टोयोटाच्या तिथल्या विक्रेत्यानं यासाठी खास विभागच काढला. ‘आर्क्टिक ट्रक्स’ ही आज जगभर माहीत असलेली कंपनी त्यातूनच उभी राहिली.

त्यांची लाडकी गाडी म्हणजे टोयोटाची ‘हायलक्स’ पिकअप. पिकअप तुम्ही रोज बघता. पुढं केबिन आणि मागं उघडा हौदा, भाजीच्या क्रेट आणि दुधाचे कॅन वाहणारी. हायलक्स ही त्याच जातीतली. १९६८ साली जपानात जन्मली, १९७९ मध्ये तिला चारही चाकांना जोर मिळणारी भावंडं आली, आणि २०२२ मध्ये ती भारतातही दाखल झाली.

तुम्ही म्हणाल, श्रीमंतांचे शौक, दुसरं काय! थोडंफार आहेही तसं. पण आइसलँडमध्ये वादळात अडकलेल्या लोकांना सोडवायला जी बचाव पथकं जातात, त्यांतली माणसं पगारी नसतात, बरं का. दिवसा कुणी शाळेत शिकवतो, कुणी सुतारकाम करतो, कुणी दुकान चालवतो. हिमनदीवर कुणी हरवल्याचा निरोप आला की हातातलं काम टाकून निघायचं. अशा वेळी गाडी मध्येच रुतली, तर अडकलेल्यांच्या यादीत आणखी चार नावांची भर पडते. म्हणूनच तिथं गाडीतला प्रत्येक बदल ‘दिसतो कसा’ यावर जोखला जात नाही. ‘परत आणील का?’ हा पहिला प्रश्न.

हत्ती, मुंगी आणि दोन पाट

आता त्या सोडलेल्या हवेचं गणित बघू. आधी एक शब्द. ‘तीस हवा’ म्हणजे दर चौरस इंचावर तीस पौंड दाब. आपल्या मापात बोलायचं तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो.

समजा, सामानासकट गाडीचं वजन २४०० किलो आहे. चाकं चार, म्हणजे एका चाकावर ६०० किलो. टायरच्या आतली हवा हे ओझं पेलते. दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो दाब असेल, तर ६०० किलो पेलायला किती जागा जमिनीला टेकली पाहिजे? भागाकार करा. साधारण २८५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दोन पोस्टकार्डं शेजारी शेजारी ठेवली, तर त्याहून किंचित जास्त. अबब! अख्खी गाडी अशा चार ठिगळांवर उभी असते.

आता हवा तिसाची तीन केली. दाब दहा पटींनी उतरला, म्हणजे जमिनीला टेकणारी जागा दहा पटींनी वाढायला हवी. २८५० चौरस सेंटिमीटर! ३८ सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर लांब. जेवायला बसायचे दोन पाट एकापुढे एक मांडल्याएवढं. (हा हिशोब ढोबळ आहे. टायरच्या रबराचा स्वतःचा ताठपणाही थोडं ओझं उचलतो, तो यात धरलेला नाही.) गंमत म्हणजे टायर आडवा फारसा पसरत नाही, लांबीतच पसरतो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट तळवा तयार होतो.

आता स्वतःकडे बघा. तुमचं वजन ५० किलो धरू आणि एका बुटाचा तळ २०० चौरस सेंटिमीटर. एका पायावर उभे राहिलात तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलो दाब. आणि आपल्या अडीच टनी गाडीचा? ०.२१ किलो. म्हणजे ती तुमच्यापेक्षाही हलक्या पावलांनी चालते!

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे निराळ्या वाटेनं ठाऊक आहे. जुन्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची अरुंद धाव असायची. ओल्या रानात ती चाकं सुरीसारखी आत जायची. रबरी टायरची गाडी आली आणि तेच बैल तेच ओझं चिखलातून ओढायला लागले. बैलांची ताकद काही वाढली नव्हती.

एकाला बूट घेतले की...

मग काय, मोठे टायर घ्यायचे आणि बसवायचे, झालं! असं वाटतं खरं. पण गाडी म्हणजे एकत्र कुटुंब. धाकट्याला नवे बूट घेतले की सगळं घर दारात येऊन उभं राहतं, तशातली गत.

हायलक्सचा मूळचा टायर सुमारे ३० इंच उंच असतो. आइसलँडवाले त्या जागी ३८ इंची बसवतात आणि खोल बर्फासाठी तर ४४ इंची. ४४ इंच म्हणजे ११२ सेंटिमीटर, चौथीतल्या मुलाच्या खांद्यापर्यंत! आता एवढं चाक त्या जागेत मावणार कसं? काही हौशी लोक सरळ लांबच लांब स्प्रिंगा घालून गाडी उचलतात. दिसते झोकात, पण गुरुत्वमध्य वर गेला की उतारावर आडवी चालताना तीच गाडी कलंडते. जाणकार कारागीर त्यामुळं उचलतात कमी आणि कापतात जास्त. चाकावरच्या पत्र्याच्या कमानी मोठ्या करायच्या, आतून नवा पत्रा जोडायचा, वर रुंद मडगार्ड चढवायचं. हे काम नाजूक असतं. चाक पूर्ण वळवून, शिवाय स्प्रिंग पूर्ण दाबूनही ते कुठं घासता कामा नये.

चाक बसलं. गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि इंजिन गचके खात बंद! का बरं? जुनं चाक एका फेरीत जवळपास २.४ मीटर पुढं जायचं, नवं जातं ३.५ मीटर. म्हणजे प्रत्येक फेरीत दीडपट काम. गिअरच्या सायकलवर सर्वांत जड गिअर टाकून घाट चढून बघा, इंजिनाचं दुःख कळेल. त्यावर उपाय म्हणजे एक्सलमधली दातेरी चक्रं बदलायची, म्हणजे इंजिनाच्या जास्त फेऱ्यांत चाकाची एक फेरी होईल. शिवाय मुंगीच्या पावलानं चालण्यासाठी आणखी एक हळू गिअर जोडतात.

आता वेगाचा काटा. त्या बिचाऱ्याला वाटतं, चाक अजून जुनंच आहे! तो ४० दाखवतो, तेव्हा गाडी खरं तर ५९ च्या आसपास पळत असते. तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. पुढं ब्रेक. एवढं जड चाक फिरायला लागलं की थांबायचं नाव घेत नाही. मग स्टिअरिंग. मग चाकाचे बेअरिंग. मग हवा परत भरायला गाडीतच कॉम्प्रेसर हवा. म्हणजे बॅटरी तगडी हवी... संपतच नाही हो! एक बदल केला आणि बाकीचे तसेच ठेवले, तर गाडी मूळच्यापेक्षा वाईट होते. बाजारात नुसते मोठे टायर लावून मिरवणाऱ्या गाड्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच या जातीच्या असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका बदलाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यात डोकं आहे. शाळेच्या संचलनात तुमची रांग वळते, तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरचा ढांगा टाकत जातो. हो ना? गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये ‘डिफरन्शियल’ नावाची चक्रांची पेटी असते. ती दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देते. फार सोयीची वस्तू. पण तिचा एक अवगुण आहे. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि एक चाक गुळगुळीत बर्फावर असेल तर ते जोर घेतच नाही, नुसतं गरगरतं. मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य! एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ठार स्तब्ध आणि गाडी जागच्या जागी. यावर तोड म्हणजे कुलूप. बटण दाबलं की पेटीचे दोन्ही भाग एकमेकांत अडकतात आणि दोन्ही चाकं एकसाथ फिरतात. जे चाक घट्ट जमिनीवर आहे, ते गाडी ओढून काढतं. डांबरी रस्त्यावर मात्र हे कुलूप उघडं ठेवायचं. नाही तर वळताना आतलं आणि बाहेरचं चाक भांडतात आणि मध्ये बिचारा एक्सल मोडतो.

नदीत शिरण्यापूर्वी

आइसलँडमधल्या नद्या हिमनद्यांतून निघतात. दुपारी ऊन वाढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी गुडघ्याएवढी असलेली नदी संध्याकाळी कमरेला लागते. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. इथं गाडीची परीक्षा दोन ठिकाणी होते.

पहिली जागा म्हणजे इंजिनाचं नाक. इंजिन हवा ओढतं, ती दाबतं, मग स्फोट होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेबरोबर पाणी आत गेलं, तर वर येणारा पिस्टन जणू भिंतीवर आपटतो आणि त्याचा लोखंडी दांडा वाकतो. इंजिन खलास! त्यासाठी हवेची नळी टपापर्यंत वर नेलेली असते. हत्ती पोहताना सोंड वर धरतो, तशीच. आणि नदीत इंजिन बंद पडलंच, तर ते लगेच चालू करायचं नाही, हा तिथला पहिला धडा. आधी दोरानं ओढून बाहेर काढायची, आत पाणी गेलंय का बघायचं, मगच किल्ली.

दुसरी जागा कुणाच्या ध्यानात येत नाही. चालून चालून एक्सल गरम झालेला असतो. तो बर्फगार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढू पाहते. बाहेर आहे पाणी! ते सीलमधून आत जाऊन तेलात मिसळतं. गाडी त्या दिवशी चालते, दुसऱ्या दिवशीही चालते आणि आठवड्यानं दातेरी चक्रं गंजून, खरवडून बसतात. इलाज अगदी स्वस्त. एक्सलच्या श्वासाच्या भोकाला रबरी नळी जोडायची आणि तिचं टोक वर इंजिनाजवळ बांधायचं. शंका आली तर एक्सलचा बोल्ट सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यायचं. मधासारखं असेल तर ठीक. चहासारखं दुधाळ दिसलं तर समजायचं, पाणी शिरलंय.

बर्फावरचं गॅरेज

गॅरेजातला मिस्त्री गाडीला लगेच पान्हा लावत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. आधी विचारतो, “आवाज कधी येतो? वळताना की सरळ जाताना? वेगाबरोबर वाढतो का?” ओसाड बर्फावरही हीच विद्या कामाला येते. वळताना ‘कट् कट्’ आवाज आला तर पुढच्या चाकाला जोर पोचवणारा सांधा गेलाय. घुंऽऽ असा आवाज असेल आणि गाडी एका बाजूला झुकली की तो वाढत असेल, तर बेअरिंगवर संशय. बैठकीखाली थरथर होत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर लांब फिरणारा दांडा तपासा. दर थांब्यावर ड्रायव्हर गाडीभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात नेतो. तीन कोमट आणि एक चटका देणारं असलं, की त्या चाकाचा ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग मरायला टेकलंय. आईनं कपाळावर हात ठेवून ताप बघावा, अगदी तसंच.

गाडी रुतली, तर अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. चाक जागच्या जागी फिरलं की त्याखालचं बर्फ वितळतं, पुन्हा गोठतं आणि काचेसारखी गुळगुळीत वाटी तयार होते. मग तर संपलंच! खाली उतरायचं, फावडं घ्यायचं, चाकांपुढचं आणि पोटाखालचं बर्फ उकरायचं. हवा आणखी थोडी सोडायची. ज्या चाकोरीतून आलो, तिच्यातूनच मागं जायचं, कारण तिथलं बर्फ आपल्याच वजनानं दबून घट्ट झालेलं असतं. तेवढ्यानं नाही भागलं, तर दुसऱ्या गाडीचा दोर. म्हणून हिमनदीवर एकटी गाडी कधी न्यायची नाही. दोर ताणला जात असताना बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. तुटलेल्या दोराचं किंवा हुकाचं टोक बंदुकीच्या गोळीसारखं येतं. आणि कप्पीनं ओढायचं म्हटलं तर बर्फावर झाड कुठून आणणार? मग स्टेपनी खड्ड्यात पुरतात आणि तिलाच खुंटा करतात!

हवा कमी ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. पोट सुटलेला टायर दगडाला अडला किंवा गाडी झटक्यानं वळली की तो रिमवरून उतरतो. मग गाडी जॅकवर घ्यायची, रिमच्या कडेचं बर्फ खरवडायचं, टायरभोवती पट्टा आवळायचा आणि कॉम्प्रेसरनं हवा मारायची. ‘फाट्’ असा आवाज आला की टायर जागेवर बसला. (काही धाडसी लोक हेच काम पेटत्या वायूच्या भडक्यानं करतात. तो प्रकार इथं मुद्दाम सांगत नाही, आणि तुम्हीही कुणाला विचारू नका!) डांबरी रस्ता आला की पुन्हा पूर्ण हवा भरायची. मऊ टायर वेगानं पळवला तर त्याच्या बाजू सारख्या वाकून वाकून तापतात आणि टायर फाटतो. अशी चार अवाढव्य चाकं भरेपर्यंत चहाचे दोन कप होतात.

गोव्याहून थेट ध्रुवावर

दक्षिण ध्रुवावर गाडीनं जायचं स्वप्न जुनं आहे. कॅप्टन स्कॉट यांनी १९११ मध्ये तीन मोटर-घसरगाड्या अंटार्क्टिकात नेल्या. एक उतरवतानाच समुद्रावरचं बर्फ फुटून तळाला गेली. उरलेल्या दोघींची इंजिनं प्रवासाच्या सुरुवातीलाच मोडली आणि माणसांनी सामान स्वतः ओढलं. मग जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, ४ जानेवारी १९५८ रोजी, ध्रुवावर पोचलेली मोटरगाडी कोणती असेल? शेतातले फर्ग्युसन ट्रॅक्टर! चाकांवर पट्टे चढवून, ड्रायव्हरसाठी कनातीचा आडोसा करून नेलेले. आणि ते हाकत होते एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी.

आइसलँडच्या पिकअप गाड्याही पुढं ध्रुवांकडे निघाल्या. २००७ मध्ये एका ब्रिटिश दूरदर्शन कार्यक्रमासाठी अशाच हायलक्स गोठलेल्या समुद्रावरून चालत, १९९६ साली उत्तर चुंबकीय ध्रुव जिथं होता, त्या जागी पोचल्या. (चुंबकीय ध्रुव जागा बदलतो, म्हणून वर्ष सांगावं लागतं!) पण आपल्यासाठी खास गोष्ट आहे ती नोव्हेंबर २०१० ची. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ भारतीयांचा चमू अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ तळावरून निघाला आणि आइसलँडवाल्यांनी तयार केलेल्या या गाड्यांतून दक्षिण ध्रुवावर जाऊन आला. भारताची ध्रुवावरची ही पहिली शास्त्रीय मोहीम. वाटेत त्यांनी बर्फाचे नमुने आणि हवेच्या नोंदी घेतल्या.

मैत्री आहे सुमारे ७१ अंश दक्षिणेला आणि ध्रुव ९० अंशांवर. सरळ रेषेतच २१०० किलोमीटर होतात. मुंबईहून कोलकात्याला जावं, त्याहून जास्त, आणि वाटेत एकही गाव नाही, पंप नाही, मिस्त्री नाही. थंडी उणे चाळीसच्या आसपास. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि आई ती उन्हात ठेवते, आठवतं? डिझेलचंही तसंच होतं. त्यात मेणासारखे कण धरतात, गाळणी तुंबते आणि इंजिन उपाशी मरतं. त्यामुळं तिथं या गाड्यांत विमानाचं इंधन घालतात, ते उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही. वाऱ्यानं कोरलेल्या टणक बर्फाच्या लाटा वाटेत लागतात, त्यांना ‘सास्त्रुगी’ म्हणतात. नांगरलेल्या ढेकळांवरून दिवसचे दिवस गाडी चालवल्यासारखं! अशा हादऱ्यांनी नट सैल होतात, शॉक अॅबसॉर्बर फुटतात. त्यामुळं मुक्कामाला पोचलं तरी कामं संपत नाहीत. आधी पान्हा घेऊन गाडीखाली शिरायचं. शिवाय बर्फाखाली लपलेल्या खोल भेगा आहेतच. पातळ बर्फाच्या झाकणावर हलक्या पावलाची गाडी तरून जाते, जड पावलाची जाईलच याची खात्री नाही. तीन पौंड हवेचं मोल तिथं खरं कळतं.

पालकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम परवानगी देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे बजावलं आहे. आइसलँडमध्ये बदललेल्या गाडीची तपासणी होऊन तशी नोंद होते. तिथंही गाडी वाटेल तिथं घालता येत नाही. जमीन गोठलेली आणि बर्फानं झाकलेली असेल तरच रस्ता सोडायचा. उन्हाळ्यात शेवाळावर चाक घातलं तर दंड होतो, कारण त्या थंडीत शेवाळ परत उगवायला कित्येक वर्षं लागतात.

सुट्टीत करायचा प्रयोग मात्र अगदी कायदेशीर आहे! सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीचा हँडब्रेक मोठ्यांना ओढायला सांगा, इंजिन बंद. एका टायरच्या पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी कागदाच्या पट्ट्या अडेपर्यंत खाली सरकवा. मधे जो चौकोन उरेल, त्याची लांबी-रुंदी मोजा आणि क्षेत्रफळ काढा. त्याला हवेच्या दाबानं गुणा (तीस पौंड म्हणजे २.१) आणि मग चारानं गुणा. येईल ते गाडीचं वजन, किलोमध्ये. आता आर. सी. बुकात छापलेलं वजन बघा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. टायरला खाचा असतात, रबरही ताठ असतं. तुमचा आकडा किती टक्क्यांनी चुकला, ते काढून आम्हाला पत्रानं जरूर कळवा.